इन्फंट म्हणजे न बोलणारं

स्पिरिटच्या वासानं आजही लातूरच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. लेकरू जन्मलं, पण रडलं नाही. नर्स त्याला घेऊन 'इन्फंट वॉर्ड'मध्ये धावली. मी बाहेर स्ट्रेचरवर पडून होते. नवरा औशाच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. दारावरची ती पाटी बघत तो म्हणाला, "यातला 'इन' म्हणजे नाही. मूळ लॅटिन. इन्फंट म्हणजे न बोलणारं."

"शब्दाचं काय सांगत बसलात? लेकरू रडलं का न्हाई ते बघा!" मी ओरडले.

तेव्हा मला त्याचा संताप आला होता. आज कळतं, बाळं गप्पच असतात, असं तो स्वतःला समजावत होता.

तेवढ्यात आतून बारीक रडणं ऐकू आलं. भिंतीला डोकं टेकून माझ्याआधी तोच हमसून रडला.