तपासले, बरोबर आहे

शशी गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळची मेथी निवडत बसले होते. प्रज्ञा, तिची मुलगी, एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली." मी "अगं..." म्हणाले. अशा वेळी डोळ्यांसमोर अंधारी आली, हातपाय गळाले, असं लोक लिहितात. माझं तसं काही झालं नाही. मला आधी हायसं वाटलं. आता तिला कधीच कळणार नाही, हा विचार पहिला आला आणि रडू नंतर. पस्तीस वर्षांची मैत्रीण गेल्यावर जिला सुटल्यासारखं वाटतं ती बाई कसली, हे गेले दोन महिने मी स्वतःला विचारते आहे. हा लेख त्याच बाईने लिहिला आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

शशिकला आणि मी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होतो. जुन्या फायली, धूळ आणि आम्ही दोघी. पहिल्याच दिवशी तिने मला वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला शिक्षा म्हणून पाठवलंय की ओळखीने?" मी म्हणाले, बदली झाली. "म्हणजे शिक्षाच," ती म्हणाली आणि डब्यातली भाकरी पुढे केली. महिन्याभरात 'अहो'चं 'अगं' झालं. तिचे दोन नियम होते. महत्त्वाच्या कागदाची एक प्रत नेहमी दुसऱ्या इमारतीत असली पाहिजे. आणि ज्याने नक्कल केली त्याने ती तपासायची नाही, तपासणारा वेगळा हवा. त्यामुळे रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात तिने लिहिलेल्याखाली माझी सही असायची आणि मी लिहिलेल्याखाली तिची. 'तपासले, बरोबर आहे.' खरं सांगायचं तर माझ्या निम्म्या सह्या न उघडताच केलेल्या असत. तिच्या हातून चूक होतच नाही, मग बघायचं कशाला?

त्या खोलीत आणखी एक गोष्ट शिकले, ती मात्र शशीकडून नाही. एखादी फाईल गहाळ झाली आणि तपासणी तोंडावर आली, की जुने कारकून तेवढ्याच जाडीची दुसरी फाईल बांधून त्या जागी ठेवत. आत रद्दी. तपासणीला येणारे साहेब कपाटावरून नजर फिरवतात, फिती सोडत नाहीत. शशीला याची चीड होती. मला तेव्हा ती हुशारी वाटायची.

निवृत्तीनंतर आम्ही दोघी कंटाळून जाऊ असं मला वाटलं होतं. शशीला वेळच पुरेना. तिचं घराणं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. छप्पन साली ज्या लहान मुली होत्या त्या आता एकेक करून जात होत्या, आणि कुणी त्यांना काही विचारलेलं नव्हतं. पुरुषांच्या आठवणी छापून आल्या होत्या. "बायकांना काय विचारायचं, त्या भाकऱ्या थापत होत्या, असं वाटतं लोकांना," ती म्हणायची. मोबाईल घेऊन ती येरवडा, दापोडी, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्त्यांमध्ये जायची आणि म्हाताऱ्यांसमोर बसायची. घाई करायची नाही. सुरुवात स्वतःच्या आईपासून केली होती. घरातले देव फडक्यात बांधून नदीत सोडायला आईचे वडील निघाले, तेव्हा बारा वर्षांच्या आईने त्यातला बोटाएवढा पितळी बाळकृष्ण परकरात लपवला होता. देव म्हणून नव्हे, तिच्या बाहुलीला तो भाऊ होता म्हणून. पुढे वर्षभर ती त्याला ज्वारीच्या कणगीत ठेवून होती आणि मग एक दिवस स्वतःच जाऊन सोडून आली. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "आता सांगितलं, झालं," असं म्हणून ती म्हातारी जी हसली होती, ते हसणं मी ऐकलं आहे. आता ते कुणालाच ऐकता येणार नाही.

आठ वर्षांत साठेक बायका झाल्या. ते सगळं ठेवायला शशीने दोन हार्ड डिस्क घेतल्या, एक काळी, एक निळी. काळी तिच्याकडे बिबवेवाडीला, निळी माझ्याकडे नारायण पेठेत. दुसरी इमारत! लॅपटॉप तिचा जुना, पोट लहान, म्हणून दोन्हीकडे प्रत झाली की ती त्यातलं आणि मोबाईलमधलं पुसून टाकी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी निळी डिस्क स्टीलच्या डब्यात घालून, स्वारगेटला बस बदलून तिच्याकडे जायचे. ती नव्या फायली 'आवाज' नावाच्या फोल्डरवर सोडायची, मग मी कुठल्याही पाच फायली उघडून ऐकायच्या आणि वहीत सही करायची. तिने चक्क रेकॉर्ड रूमसारखी वही आखली होती, शेऱ्याच्या रकान्यासकट.

गेल्या गणपतीत माझ्या लेकीच्या लग्नाची फिल्म भावाला दाखवायची म्हणून मी ती निळी डिस्क नव्या टीव्हीला लावली. फिल्म पेन ड्राइव्हमध्ये मावेना, म्हणून हिच्यात घातली होती. टीव्हीने काहीतरी विचारलं. फॉरमॅट असा शब्द होता. मी 'हो' दाबलं. जसं सहीला हात जातो तसा गेला... पुन्हा घरच्या लॅपटॉपला लावून पाहिलं तेव्हा डिस्क धुतलेल्या पाटीसारखी होती.

त्याच दिवशी शशीला फोन केला असता तर काही बिघडलं नसतं. काळी शाबूत होती, पुन्हा प्रत झाली असती. ती दोन दिवस टोमणे मारत राहिली असती, "तपासनीस बाई" म्हणाली असती, आणि विषय संपला असता. पण पस्तीस वर्षांत तिची एकही चूक मला सापडली नव्हती, आणि माझी पहिली चूक ही. मी डिस्कवर 'आवाज' नावाचं फोल्डर केलं आणि त्यात घरात होतं नव्हतं ते सगळं भरलं. लग्नाच्या फिल्मा, सहलींचे व्हिडिओ, त्यांच्याच चार-चार नकला. डिस्क किती भरली आहे हे दाखवणारी पट्टी पूर्वी होती तिथवर येईपर्यंत भरत राहिले. शशी डिस्क लावल्यावर फक्त ती पट्टी बघते हे मला ठाऊक होतं. तेवढ्याच जाडीची फाईल बांधून ठेवली मी.

पुढचे दोन रविवार तसेच गेले. तिने नव्या फायली टाकल्या, मी ऐकल्यासारखं केलं आणि सही केली. काळी डिस्क दोन दिवस घरी नेते असं म्हणायचं रोज ठरवायचे, तिच्यासमोर बसलं की जीभ उचलत नसे. मग एका दुपारी तिचा फोन आला. "अगं कमल, काळी कुरकुर करत होती. मध्येच दिसायची, मध्येच नाही. शेवटी फॉरमॅट केली. अर्धवट नको म्हणून पूर्ण केली, चांगले सहा तास लागले. आता ठीक आहे. रविवारी निळी आण, सगळं पुन्हा उतरवून घेऊ."

मी विचारलं, "निळी न बघताच केलीस?"

"न बघता कशी? वही बघितली ना. तुझी सही आहे."

त्या रविवारआधीच तिला झटका आला. दवाखान्यात ती चार दिवस होती. तिसऱ्या दिवशी जरा शुद्धीवर असताना मला जवळ बोलावलं. एका बाजूचा ओठ हलत नव्हता. "निळी?" असं विचारलं. मी म्हणाले, "आहे. नीट आहे." तिने डोळे मिटले. आमचं शेवटचं बोलणं ते.

दोन्ही डिस्क घेऊन मी कसबा पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. गृहस्थ चष्मा कपाळावर ठेवून बसलेले. काळीबद्दल म्हणाले, पूर्ण फॉरमॅट म्हणजे काही उरत नाही. निळी मात्र बराच वेळ बघत राहिले. "ही नुसती फॉरमॅट झाली होती तेव्हा आणली असतीत तर बरंचसं निघालं असतं. त्यावर हे सगळं कुणी भरलं?" मी म्हणाले, मी. "फॉरमॅट चुकून केलंत बाई. भरलंत मात्र मन लावून." त्यांना टोमणा मारायचा नसावा, बोलायची पद्धतच तशी.

शशीसाठीच्या जलदान विधीच्या दिवशी प्रज्ञाला आजीचा आवाज लावायचा होता. आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर सोपं झालं असतं. तिने विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे तिला शेवटपर्यंत खोटंच सांगितलंत." "मावशी, तीसेक जणी तरी त्यातल्या गेल्यात. त्यांच्या घरचे फोन करतात, आमच्या आजीचं द्या म्हणून. मी एकेकाला काय सांगू? तुम्ही लिहून द्या. सगळ्यांना वाचता येईल असं."

म्हणून हे लिहिलं. ज्यांच्या आईचा, आजीचा आवाज शशीने जपला होता त्यांनी तो आमच्याकडे मागू नये. तो माझ्यामुळे गेला. शेवटच्या दोन रविवारी आलेल्या तिघी तेवढ्या निळीत उरल्या आहेत. त्यातल्या एकीला मध्येच खोकल्याची उबळ येते आणि शशी म्हणते, "पाणी घ्या आधी. मला कुठे जायचं नाहीये."

प्रज्ञाने वही मला दिली. शेवटची ओळ शशीच्या हातची आहे, त्या येणाऱ्या रविवारसाठी आधीच आखून ठेवलेली. 'काळी : रिकामी. निळी : कमलकडे.' पुढे सहीची जागा मोकळी. काल महिन्याचा पहिला रविवार होता. डबा उघडून निळी लावली, शशीच्या तीनच फायली होत्या, तिन्ही शेवटपर्यंत ऐकल्या. आयुष्यात पहिल्यांदा सगळं तपासलं. मग सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'बरोबर नाही.'