कंट्रोलर जळाला ती सकाळ

जळक्या प्लास्टिकचा वास आला की मला जामखेडकडच्या आमच्या वस्तीवरची ती थंडीतली सकाळ आठवते. दिरांनी छपरावरच्या जुन्या सोलर पॅनेलला एक मोठं नवं पॅनेल सिरीजमध्ये जोडलं होतं आणि बॅटरीत जाणारी वीज आवरणारा कंट्रोलर मात्र जुना, छोटाच ठेवला होता. सासरे त्या कंट्रोलरला हळदकुंकू वाहत होते. मी आयटीआयला वायरमनचं शिकलेली, पॅनेलांमागचे आकडे वाचून सासऱ्यांना म्हणाले, "मामा, दोन्हींच्या व्होल्टेजची बेरीज होतीय, ती ह्याला पेलायची न्हाई. थंडीत तर आणखी वाढतं." ते कडाडले, "पूजंच्या टायमाला अभद्र बोलू नगं!" नारळ फुटला, दिरांनी वायर जोडली, आणि कोवळ्या उन्हातच कंट्रोलर चरचरून काळा धूर ओकू लागला. मला वाटलं, आता तरी मला विचारतील. हातातली नारळाची वाटी खाली ठेवत सासरे म्हणाले, "हिची जीभच काळी हाय." पुढं दोन्ही पॅनेलांना झेपेल असा कंट्रोलर मीच निवडला, मीच बसवला. तो अजून चालतोय. दर दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालण्याआधी सासरे मला आत पाठवतात.