कालव्याच्या वळणावर जाणारा आवाज

मी लिहावं असं माझ्याकडे फारसं काही नाही, आणि लिहायची सवयही नाही. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे कागदावर काही मांडायला बसलं की दुसऱ्याच्या चपला घालून निघाल्यासारखं वाटतं. चुकलंमाकलं तर माफ करावं. पण हे ठाऊक असलेली माणसं दोनच, मी आणि माझे चुलते, आणि चुलते बोलणार नाहीत.

त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांची वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन प्रवासी नेणारी जीप तळेगाव ढमढेऱ्याहून न्हावऱ्याकडे जाते, बाजाराच्या दिवशी नदी ओलांडून चौफुल्यापर्यंत. गेल्या वर्षी अशाच एका बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. जीप खच्चून भरलेली, गाणी मोठ्यानं चाललेली. कालव्याच्या वळणावर रस्त्याकडेच्या गवतात एक माणूस पडलेला दिसला. त्याचा एक हात वर झाला आणि परत खाली गेला. आप्पांचा पाय ब्रेककडे गेला.

"चला आप्पा, चला," मागून कुणीतरी म्हणालं. "बाजार झाला, बाटली बी झाली त्याची!"

सगळे हसले. थोडासा मीही हसलो. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला आडवा झालेला माणूस प्यालेलाच असणार, असं आमच्याकडे धरून चालतात. खाली उतरून कुणी बघत नाही. आप्पांनी पाय उचलला आणि जीप पुढं गेली.

दोन-तीन आठवड्यांनी त्याच वळणावर स्टिरिओचा आवाज जायला लागला. गाणं चालू असायचं, पडद्यावर आकडे पळत असायचे, पण आवाज नाही. वळण संपलं की परत सुरू. आप्पांचा चेहरा उतरायचा. एका सकाळी शिरूरला जायला निघालो होतो, तेव्हा ते म्हणाले, "तू इलेक्ट्रॉनिक शिकतोस नव्हं? मग बघ की जरा. तिथंच का जातोय आवाज?"

त्यांना काय विचारायचंय ते मला कळलं होतं. मी मात्र स्टिरिओबद्दलच बोललो.

पाबळला तांत्रिक शाळेत शिकणाऱ्या मित्राकडून करंट मोजायचा मीटर आणला. स्टिरिओचा दिवा जात नाही, म्हणजे करंट येतोय, एवढं समजलं. मागचे प्लग काढून पुसून बसवले. पेन ड्राइव्ह बदलला. अंगणात उभ्या जीपमध्ये तासभर गाणी वाजवली, तारा हलवल्या, दारं आपटली. आवाज एकदाही गेला नाही. रिकामी जीप वळणावरून नेली, तरी नाही. दुसऱ्या दिवशी प्रवासी भरले आणि कालव्यापाशी सगळं गप्प.

तेव्हा लक्षात आलं की जीप भरलेली असल्याशिवाय दोष सापडायचा नाही. मारुतीच्या देवळापुढं बसलेल्या म्हाताऱ्यांना विनंती करून मागच्या बाकड्यांवर बसवलं.

"आबा, सगळ्यांनी जरा डावीकडं रेला."

"बसवतोय फुकट, पर नेतोय कुठं?"

"वरातीला न्हेईन तुमच्या."

"आरं, पोरगी तरी बघ आधी!"

हसत हसत ते एका अंगाला कलले आणि गाणं तुटलं. सरळ झाले, पुन्हा सुरू. मी त्यांना उतरवून डाव्या बाकड्याचे नट काढले. स्पीकरची तार बाकड्याच्या पायाखालून गेली होती. तिचं आवरण घासून आतलं तांबं उघडं पडलं होतं. वळणावर माणसं कलली की बाकडं दबायचं आणि तांबं पत्र्याला टेकायचं. मग स्वतःला वाचवायला स्टिरिओ आवाज बंद करायचा. मी उघड्या जागेवर नवी प्लास्टिकची नळी चढवली आणि तार बाकड्यापासून लांब, कडेनं बांधून घेतली.

आप्पांना सगळं समजावलं. म्हटलं, उजवीकडच्या प्रत्येक वळणावर जात असणार, फक्त तिथंच असं नाही.

ते हातातल्या फडक्यानं काच पुसत राहिले. "आसंल," म्हणाले. "दुसरीकडं मी ऐकतच नव्हतो."

पुढच्या बाजारी भरलेली जीप घेऊन आम्ही कालव्यावरून गेलो. गाणं वाजतच राहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. आप्पांनी हात पुढं करून स्वतःच आवाज बंद केला आणि वळण संपल्यावरही लावला नाही. प्रवासी उतरल्यावर स्टिअरिंग धरूनच ते म्हणाले, "तवा त्याचा हात हालला व्हता. मी बघितला."

"मीबी बघितला, आप्पा."

"मग बोलला का न्हाईस?"

मी उतरून मागचं दार लावलं. तेव्हा मला वाटलं होतं, मोठी माणसं ठरवतील. आणि सगळे हसत असताना एकट्यानं गाडी थांबवायला सांगायची मला लाज वाटली.

त्यानंतर आप्पा नदीपलीकडून येणाऱ्या प्रत्येकाला आडून आडून विचारायला लागले. मागं एकदा कालव्यापाशी कुणी पडलं होतं म्हणे, त्याचं काय झालं? विचारताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. कुणाला माहीत नसायचं. माहीत नाही म्हटलं की त्यांना बरं वाटायचं, आणि दुसऱ्या फेरीला ते परत विचारायचे. वळण आलं की मीही गवताकडे बघायचो. तिथं काही नसायचं. तरी एक हात वर होऊन खाली गेल्यासारखा वाटायचा.

या उन्हाळ्यात भांडगावची एक मेथीवाली मावशी पुढच्या सीटवर, आमच्या दोघांच्या मधे बसली होती. आप्पांनी तिलाही विचारलं.

"तो व्हय?" ती लगेच म्हणाली. "माझ्या नणंदेचा दीर की. तुम्ही वळखत व्हता का?"

"न्हाई. आसंच. ऐकलं व्हतं."

"लोकांला वाटलं, पिऊन पडलाय. आवो, माळकरी माणूस, जलमात थेंब घेतला न्हाई. गळ्यात माळ व्हती, पर जवळ जाऊन बघितलं कुणी? साखर कमी झालेली. लई उशिरा एका दुधाच्या टेम्पोवाल्यानं उचलून दवाखान्यात न्हेला. शुद्धीवर आलाच न्हाई. चौथ्या दिवशी गेला."