फोटोतली विमलताईची खुर्ची

आधीच सांगते, मी विज्ञानाची शिक्षिका. आमच्या घरी कुणी अमावास्या पाळली नाही की कुणाच्या दारात लिंबू दिसलं म्हणून वाट बदलली नाही. यावलजवळच्या आमच्या गावी केळीच्या बागेतून एकटी ये-जा करायचे, कधी भीती वाटली नाही. त्यामुळे हे लिहिताना हात अडतोय... आणि भीतीपेक्षा लाजेनं जास्त.

१९९२च्या आसपासची गोष्ट. जळगावच्या एका खाजगी शाळेत मी तात्पुरत्या जागेवर लागले होते. पिंप्राळ्याकडे एक खोली भाड्यानं घेतली होती. माझ्यासारखीच तात्पुरती म्हणून विमलताई होती. धुळ्याकडची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मराठी शिकवायची. नवरा एसटीत कंडक्टर, धुळे डेपोला. ही मुलीला घेऊन माझ्या मागच्याच गल्लीत राहायची. मला ताप आला तेव्हा तीन दिवस दोन्ही वेळचा डबा तिनं आणून दिला. शाळेची प्रार्थना तीच सांगायची. तिचा आवाज माईकशिवाय मैदानाच्या टोकापर्यंत जायचा.

त्या वर्षी एकच जागा कायम होणार होती, विषय कुठलाही चालणार होता. उमेदवार आम्ही दोघी. कमिटीसमोर पाठ घ्यायचा आणि त्यावर निर्णय. ती जागा विमलताईचीच, हे शाळेतला शिपाईसुद्धा सांगायचा.

त्याच सुमारास शिक्षकांसाठी एक शिबिर झालं. पुण्याहून आलेल्या सरांनी सांगितलं, "जे हवंय त्याची चित्रं एका पुठ्ठ्यावर चिकटवा, रोज सकाळी बघा. आपण त्याला ध्येयफलक म्हणू." आता माझी भाची ऑफिसात असलंच काहीतरी करते, व्हिजन बोर्ड म्हणते. तेव्हा आम्हाला ते फार नवं होतं.

रविवारी दुपारी मी बसले. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, मासिकं, कात्री, आणि गव्हाच्या पिठाची खळ. कंपाउंडचं घर चिकटवलं, मोपेडवरची बाई चिकटवली. नोकरीसाठी चित्र सापडेना, म्हणून शाळेचा ग्रुप फोटो काढला. त्यात कायम शिक्षक खुर्च्यांवर, तात्पुरते मागे उभे. मी पीटीच्या सरांच्या खांद्याआड अर्धी झाकलेली. त्या दिवशी एक मॅडम रजेवर होत्या, म्हणून फोटोग्राफरनं रिकाम्या खुर्चीवर विमलताईला बसवलं होतं.

मी माझ्या पासपोर्ट फोटोतला चेहरा कापला आणि विमलताईच्या चेहऱ्यावर चिकटवला.

दुसऱ्या कुणाच्याही चेहऱ्यावर चिकटवता आला असता. खुर्च्या आठ होत्या.

पुठ्ठा मी ट्रंकेच्या झाकणाला आतून लावला.

सोमवारी प्रार्थनेला विमलताईनं तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. मुलं हसली. तिनं खाकरून पाहिलं, परत तोंड उघडलं – नुसती हवा. हेडसरांनी मला खूण केली, मी प्रार्थना पुरी केली.

जळगावच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, स्वच्छ. नवऱ्यानं धुळ्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. तेही म्हणाले, काही नाही, विश्रांती घ्या. ती मुलीच्या पाटीवर लिहून बोलायची. एकदा लिहिलं, 'सुनंदा, पाठाच्या दिवशी तरी येईल ना गं?'

"येईल ताई, नक्की येईल," मी म्हटलं.

साड्या ट्रंकेत असल्यामुळे रोज सकाळी झाकण उघडावं लागायचं. चौथ्या दिवशी मनात आलं, हा चेहरा काढून टाकावा. नख कडेला लावलंसुद्धा. मग स्वतःलाच म्हटलं, काय हा वेडेपणा, विज्ञान शिकवतेस ना? आणि त्याच्याच मागोमाग दुसरा विचार, अगदी हळू... पाठ होऊ दे.

नवव्या दिवशी पाठ झाला. विमलताई फळ्यावर सुंदर अक्षरात लिहीत राहिली, कमिटीतले एकमेकांकडे बघत राहिले. माझा पाठ बरा झाला. त्या संध्याकाळी परत ट्रंक उघडली. या वेळी विचार आला – ऑर्डर हातात येऊ दे.

अकराव्या दिवशी सकाळची शाळा सुटताना हेडसरांनी ऑर्डर दिली. मी जवळजवळ धावत खोलीवर आले. ओलं फडकं लावून माझा चेहरा अलगद सोडवला. खालून विमलताई निघाली, जशीच्या तशी. भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. मी उगाचच पाहिलं होतं.

चार वाजता तिच्याकडे गेले. गल्लीच्या तोंडापासूनच तिचा आवाज ऐकू आला, मुलीला हाका मारत होती. माझे पाय तिथेच थांबले. तिनंच मला पाहिलं.

"सुनंदा! तुनी ऑर्डर उनी ना?" घरच्या अहिराणीत ऑर्डर आल्याचं विचारत तिनं माझे दोन्ही हात धरले. "रडस काय वं? मी बरी शे आते."

"कधी आला आवाज?"

"जेवाले बसनू तवय. सव्वा वाजेल व्हता." मग शाळेत बोलायची तशा मराठीत म्हणाली, "तोंडावरचा हात कुणी काढून घ्यावा तसं वाटलं बघ. आणि एक गंमत सांगू? इतके दिवस तोंडाला खळीची चव होती. पुस्तकाला कव्हर घालताना जिभेला लागते ना, तशी. मी कुणाला बोलले नाही, हसतील म्हणून."

तिनं साखर आणली, माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली.

जूनमध्ये तिला पुन्हा घेतलं नाही. ती धुळ्याला गेली, घरी शिकवण्या घेतल्या. कायम नोकरी तिला कधीच लागली नाही. मी त्या शाळेतून निवृत्त झाले. दिवाळीला तिचा फोन येतो, आवाज अजून तसाच खणखणीत. दरवेळी ठरवते, आज सांगायचं. मग ती माझ्या गुडघ्यांची चौकशी करते आणि मी गुडघ्यांबद्दल बोलते.

घशाच्या दोन डॉक्टरांना मी नंतर विचारलं. ताणामुळे आवाज जातो, म्हणाले, येतोही. असेल. सव्वा वाजल्याचं आणि त्या चवीचं मात्र त्यांना काही सांगता आलं नाही, मलाही येत नाही. तिचा आवाज कसा गेला हे मला आजही माहीत नाही. मी अकरा दिवस का थांबले, ते माहीत आहे.