देवाला न दाखवलेली बुंदी

मुलगी रायपूरच्या शाळेत इतिहास शिकवते. मध्यंतरी फोनवर म्हणाली, "बाबा, पोरं विचारून राहिली, रोमन लोकांनी सुरुवातीच्या ख्रिश्चनांना कावून छळलं? त्यांच्याकडं ढीगभर देव होते, मग अजून एक कावून जड झाला?" उत्तरही तिनंच दिलं. देव कोणताही माना, रोमची फारशी हरकत नव्हती. फक्त शहराच्या देवांना मान द्यायचा, सम्राटाच्या मूर्तीपुढं चिमूटभर धूप टाकायचा. हे लोक म्हणत, नाही टाकत. मग पूर येवो की साथ येवो, बोट यांच्याकडंच. यांच्यामुळंच देव कोपले म्हणे.

"बाई, हे तू मले काय सांगतेस? मी भोगलंय," मी म्हटलं. ती हसली. तिला वाटलं, बाप गंमत करतोय. फोन ठेवल्यावर जुनवानीचं हे घर इतकं सुनं वाटलं की नुसत्या आवाजासाठी टीव्ही लावला.

मी स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवली. विश्वकर्मा पूजेला आमच्या शॉपमधल्या, म्हणजे खात्यातल्या, प्रत्येक मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ, उदबत्ती. आम्ही बौद्ध, दीक्षा आजोबांनीच घेतलेली, त्यामुळं मी काही हात जोडत नसे. तरी कधी बोभाटा झाला नाही, तो माझ्या जोडीदारामुळं. भंडाऱ्याकडचा कुणबी, खाली उभा राहून मला क्रेनचे इशारे देणारा. "तू चहा पिऊन ये बे," म्हणायचा आणि माझ्या क्रेनची पूजा स्वतःच उरकायचा. वर मूठभर बुंदी आधीच कागदात बांधून ठेवायचा. "घे, देवाले दाखवली नाही अजून. खा बिनधास्त." सख्ख्या भावानं एवढी माया केली नसती.

एका वर्षी आई आजारी म्हणून तो ऐन पूजेला गावी गेला. फोरमन उदबत्ती घेऊन माझ्यापुढं उभा. "अरे, एक अगरबत्ती ही तो है, लगा दे." नाही लावली. जोडीदार कामावर परतला आणि थोड्याच दिवसांत क्रेनचा दोर तुटला, भार खाली आला, त्याच्या पायाची बोटं चिरडली. दोर झिजलाय म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं! ऐकतो कोण? सगळ्यांना एकच दिसलं, न लावलेली उदबत्ती.

डब्याला कुणी शेजारी बसेना. नाही तर नाही, गेले उडत! पण मी दवाखान्यात त्याच्यासाठी डबा घेऊन गेलो, तर त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. "एक उदबत्ती लावली असती तं तुह्यं काय गेलं असतं?"

मी डबा तिथंच ठेवून बाहेर आलो आणि रस्त्यात रडलो. पुढं त्याला दुसऱ्या खात्यात बसून करायचं काम मिळालं. गेटवर गाठ पडली की तो सायकल पुढं दामटायचा. नंतर आम्ही दोघंही रिटायर झालो. ज्यांच्या देवांना मी मानत नाही त्यांचा मला राग नाही, पण याचा आहे, अजून आहे. आणि आठवणही याचीच येते.

यंदा विश्वकर्मा पूजेच्या दिवशी सिविक सेंटरच्या मिठाईवाल्याकडं जाऊन पावभर बुंदी आणली. घरी येऊन कागद सोडला. बुंदी गरम होती, नुकतीच कढईतून काढलेली. देवाला दाखवलेली नव्हती, पण तसं सांगणारं कुणी नव्हतं, आणि एकही घास न खाता मी कागद पुन्हा बांधून ठेवला.