गाडी शिकवणाऱ्या काकी

बारामतीत जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांचा आमचा एक क्लब आहे. सासऱ्यांची जीप माझ्याकडे आली आणि तिच्यापाठोपाठ मीही क्लबात शिरले. दर हिवाळ्यात आम्ही मैदानावर गाड्या उभ्या करतो आणि आपल्या भागाला गाडीचं वेड लावणाऱ्या एका माणसाचा आणि एका संस्थेचा सत्कार करतो. यंदा संस्थेवर सगळ्यांचं लगेच एकमत झालं. इंदापूर तालुक्यातल्या एका कारखान्याचं जुनं गॅरेज. आमच्याकडचे कितीतरी फिटर आणि ड्रायव्हर तिथंच तयार झाले. माणसाचं नाव मी सुचवलं, निमगाव केतकीच्या काकी.

काकींचे यजमान त्याच कारखान्यात ड्रायव्हर होते. ते गेले आणि त्यांची अँबेसिडर दारात उभी राहिली. विकत घ्यायला माणसं येऊ लागली, पण काकींनी गाडी दिली नाही. त्यांनी गावातल्या बायकांना शिकवायला सुरुवात केली. मी लग्न होऊन निमगावात आले तेव्हा आमचे डाळिंबाचे क्रेट भाड्याच्या ड्रायव्हरची वाट बघत अंगणात पडून राहायचे. सासूबाईंनीच मला काकींकडे धाडलं.

पहिला आठवडा काकींनी मला स्टेअरिंगला हातच लावू दिला नाही. जॅक लावायचा, नट सैल करायचे, स्टेपनी चढवायची. मी कुरकुरले तर म्हणाल्या, "वाटंत टायर बसला तर कुणाच्या तोंडाकडं बघणार हायस?" मग कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर गाडी. मी बुटकी, म्हणून सीटवर गोधडीची घडी. पुलाच्या चढावर त्या गाडी थांबवायला लावायच्या आणि मागं न घसरू देता पुन्हा उचलायला सांगायच्या. ते जमलं त्या दिवशी मी घरी पोचेपर्यंत एकटीच हसत होते. पुढच्या हंगामात डाळिंबं घेऊन पिकअप मी स्वतः इंदापूरच्या मार्केटात नेली. मी मागं घेत घेत गाडी गाळ्याला लावली तेव्हा हमाल काम थांबवून बघत राहिले होते.

मीटिंगमध्ये आमच्या एका सभासदाने शंका काढली. बाईंकडे एकच गाडी, तीही रंग उडालेली. त्यांनी गाड्यांसाठी असं काय केलं? मी म्हणाले, "तात्या, आपण गाड्या सांभाळल्या. त्यांनी गाडी चालवणाऱ्या बायका तयार केल्या." मग तात्यांनीच अनुमोदन दिलं.

काकींना विचारायला गेले तर त्या आधी नकोच म्हणाल्या. शेवटी तयार झाल्या, पण एका अटीवर. आता नजर अधू झाल्यामुळे त्या स्वतः गाडी चालवत नाहीत, तेव्हा त्यांनी शिकवलेल्यांपैकीच कुणीतरी त्यांना न्यायचं. ही गोष्ट गावात फुटली आणि ज्या त्या बाईला काकींना न्यायचा मान हवा झाला. नाव सुचवणारी मी, म्हणून सत्काराच्या दिवशी अँबेसिडर मी चालवत होते, शेजारी काकी, आणि मागं बाकीच्यांची रांगच लागली होती. भाजीच्या पिकअप, एक शाळेची व्हॅन, दोन-चार नव्या कोऱ्या कार. बारामतीपर्यंत मी आरशात सारखी बघत होते आणि ऊर भरून येत होता.

मैदानाच्या गेटवर आम्हाला अडवलं. आत फक्त जुन्या गाड्या, असा क्लबचाच नियम. अँबेसिडर जाईल, बाकीच्यांनी बाहेर लावा, असं सांगितलं. काकी गाडीतून उतरू लागल्या. "मग मी बी भाईरच थांबते," एवढंच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मी पळत जाऊन अध्यक्षांना बोलावून आणलं. पिकलेल्या केसांचे ते आबा गेटपर्यंत चालत आले, त्यांनी रांगेवरून नजर फिरवली आणि ते तसेच परत गेले. मला वाटलं, संपलं. तर त्यांनी पहिल्या ओळीतली स्वतःची पॉलिश केलेली गाडी काढून मागं नेली. मग दुसऱ्यांनीही काढल्या. मोकळ्या झालेल्या जागेत आमच्या बायकांनी आपापल्या गाड्या लावल्या, एका रेषेत, एका दमात.

गॅरेजचा मान घ्यायला तिथले निवृत्त फोरमन आले होते. काकींना बघून ते माईकवर सांगू लागले, की ह्यांचे मालक ड्युटी संपल्यावर परवानगी मागायला यायचे आणि गॅरेजमागच्या मैदानात बायकोला गाडी शिकवायचे. "आमी खिडकीतनं बघायचो," ते म्हणाले. "पण हसायची कुणाची छाती न्हाय झाली. ह्या पहिल्या दिवसापासून नीट चालवायच्या."

काकींनी शाल घेतली. बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी समोर बसलेल्या बायकांना उभं राहायला सांगितलं. "माझं बोलणं ह्येच हाय," म्हणाल्या आणि खाली बसल्या. टाळ्या थांबेनात. मी रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

परतताना मी गाडी निमगावच्या रस्त्याला घातली. शिकवताना काकींची नजर रस्त्यावरून कधी हलायची नाही, पाय जणू ब्रेकवरच असायचा. त्या दिवशी मात्र मांडीवर शाल धरून त्या शेजारी गाढ झोपल्या होत्या. मी गाडी अगदी सावकाश चालवली.