फ्रिजखालचा पांढरा तुकडा

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांचा तो काळपट तपकिरी रंग माझ्या बायकोने निवडला, असं घरात सगळे मानतात. तीही मानते. तो तिने निवडलेला नव्हता. मी निवडला, आणि तो तिचाच आहे असं तिला वाटावं म्हणून एक टिकली एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावली. एवढंच. सांगायला गेलं तर यात काहीच नाही, आणि म्हणूनच बहुधा सांगायचं राहिलं. मुलगी रांगत होती तेव्हाची गोष्ट. आता ती कॉलेजात आहे. मधल्या काळात हे मी कुणाजवळही बोललो नाही. माझा स्वभावही तसा बोलका नाही, ही सबब मी बरीच वर्षं वापरली.

दिल्लीत मयूर विहारमधला हा सोसायटीचा फ्लॅट घेतला तेव्हा स्वयंपाकघरात नुसता ओटा होता. खिडकी होती, पण ती उघडते इमारतीच्या आतल्या बोळकांडीत, जिथे सगळ्यांचे पाइप आणि कबुतरं आहेत. ऊन तिथे कधी उतरत नाही. कपाटं करायची ठरल्यावर बायको पहिल्या दिवसापासून म्हणत होती, की रंग उजळ हवा, नाहीतर भर दुपारी दिवा लावून पोळ्या लाटाव्या लागतील.

तिला रंगातलं कळायचं. हे मी कौतुकाने नाही, माहिती म्हणून लिहितोय. शेजारच्या पंजाबी आंटी दुपट्टा रंगवून घ्यायला निघाल्या की हिला सोबत न्यायच्या. रंगारी कढईतून कापड वर काढायचा, आंटी हिच्याकडे बघायच्या, आणि ही मान हलवायची. मग ते कापड पुन्हा कढईत जायचं. दुकानातून लॅमिनेटचे हाताएवढे नमुने आणले, तेव्हा तिने ते फ्रिजवर भिंतीला टेकवून ओळीने उभे केले आणि सकाळी, दुपारी, दिवा लावून, असे येताजाता बघितले. शेवटी एकावर स्वतःच्या कपाळाची टिकली काढून लावली. पांढराच, पण भगभगीत नव्हे. दुधावर साय धरते तसा.

त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला, तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. मुलीला काखेत घेऊन ती निघाली. चपला घालताना म्हणाली, "टिकली लावलेला तुकडा दुकानात दाखवा. बाकी काही विचारू नका त्यांना, तुम्हाला गुंडाळतील."

मी तुकडा खिशात घातला. दुकान फरीदाबादला, माझ्या ऑफिसपासून जवळ. माझे तेव्हाचे साहेब नेमके त्याच बाजूला निघाले होते. चलो, मैं भी देखता हूँ म्हणत तेही आले. त्यांच्या घरी नुकतंच नवं किचन झालेलं होतं, गडद अक्रोडी रंगाचं, आणि ते आम्ही सगळ्यांनी जेवायला जाऊन पाहिलेलं होतं. दुकानात मी म्हणालो, काही लाइटमध्ये बघू या. साहेब हसले. "लाइट? यार, किचन बनवा रहे हो कि नर्सिंग होम?"

दुकानदारही हसला. मीही हसलो. खिशात तो तुकडा मांडीला टोचत होता. तो काढून काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, की हा माझ्या बायकोने ठरवलाय, बस. मला ते जमलं नाही. त्या दोघांसमोर बायकोची टिकली लावलेला तुकडा खिशातून काढायची मला लाज वाटली, हे खरं कारण. बाकीची कारणं मी नंतर जमवली: पांढरा पिवळा पडतो, फोडणीचे डाग दिसतात, दिल्लीची धूळ. साहेबांच्या किचनचाच रंग सांगून मी बाहेर पडलो. त्या दोन वर्षांत मला बढती हवी होती. ती मिळाली. किचनमुळे मिळाली असं काही नाही.

पुण्याहून ती फोनवर विचारायची, काम कुठवर आलं. मी म्हणायचो, चाललंय. रंगाचं तिने एकदाच विचारलं. दिला ना तो? मी म्हणालो, हो. वडिलांची अवस्था वाईट होती, बोलणं तिकडेच वळलं.

ती परत यायच्या आदल्या रविवारी, दुपारी, मी ते केलं. स्वयंपाकघर लागून तयार होतं. फ्रिजवर बाकीचे नमुने अजून तसेच उभे होते. मी तो पांढरा तुकडा काढला, नखाने टिकलीची कड उचलली, ती बोटावर घेतली आणि फ्रिजवरच्या नमुन्यांतल्या गडद अक्रोडी तुकड्यावर दाबली. गोंद जरा सुकला होता. मी अंगठा बराच वेळ दाबून धरला. मग पांढऱ्या तुकड्याचं काय करायचं? कचऱ्यात टाकला तर कामवाल्या बाईच्या हाती लागायचा. आमच्या फ्रिजचा एक पाय अधांतरी होता, दार उघडलं की तो हलायचा. मी तुकडा उलटा करून त्या पायाखाली सरकवला. फ्रिज हलायचा थांबला, आणि पुढे त्याबद्दल माझं कौतुकही झालं.

ती आली. बॅग खाली ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मग फ्रिजवरचा टिकलीचा तुकडा उचलला, कपाटाच्या दाराला लावून बघितला. रंग तोच होता, अर्थात.

"हा लावला होता मी?" ती म्हणाली. "मी शुद्धीवर होते की नाही तेव्हा?"

मी म्हणालो, "चांगला दिसतोय की."

ती म्हणाली, "तुम्ही चांगले आहात म्हणून असं म्हणताय."

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

वडील पुढे दोनेक महिन्यांत गेले. त्या दिवसांत आपलं डोकं ठिकाणावर नव्हतं, अशी तिची समजूत पक्की झाली, आणि कपाटं हा तिचा पुरावा. कुणी पाहुणे म्हणाले, किचन जरा काळोखं वाटतं, की ती लगेच पुढे व्हायची: "माझीच करणी. ह्यांना नावं ठेवू नका." तांदूळ निवडायचे झाले की ताट घेऊन बाल्कनीत जायची. उन्हाळ्यात तिथे बसवत नाही, थंडीत धुरकं असतं, पण खडा दिसायला उजेड लागतो. एकदा आंटी दुपट्टा घेऊन आल्या, तर म्हणाली की आंटी, अब मेरी नज़र वैसी नहीं रही, आप ही देख लो. आंटींना वाटलं, हिला चष्मा लागला.

पडदे मी निवडले. सोफा मी निवडला. बाथरूमच्या फरशा मी निवडल्या आणि त्या चांगल्या नाहीत. मुलीच्या खोलीला रंग देताना बायकोने तिलाही सांगितलं, बाबांना विचार. पुढे पुढे तर स्वतःची साडी घेतानाही दोन पुढ्यात धरून माझ्याकडे बघायची. मला, खरं सांगतो, पहिली काही वर्षं हे आवडलं. घरात आपलं चालतं असं वाटायचं. नंतर नंतर साड्यांच्या दुकानात मी तिची नजर चुकवायला लागलो. मी म्हणायचो, तुला आवडेल ती घे. ती म्हणायची, तेच तर कळत नाही मला.

या वर्षी होळी झाल्यावर मुलीने टूम काढली, की कपाटं तोडायची नाहीत, रंगवायची, घरच्या घरी. तिने व्हिडिओ बघून ठेवले होते. सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढायचा, रेगमालने, म्हणजे पॉलिश पेपरने, घासायचं, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. "आई, यार, किती वर्षं या गुहेत बसणार? पाडव्यापर्यंत होऊन जाईल. बिल्कुल पांढरं करू." मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच, की दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

बायको म्हणाली, करा, पण रंग तुम्ही दोघं ठरवा. मुलीने दुकानातून शेड कार्ड आणलं. त्यात पांढरेच इतके, की मला सगळे एकच दिसत होते. मी कार्ड बायकोपुढे ठेवलं. तिने ते माझ्याकडे सरकवलं. मी पुन्हा तिच्याकडे सरकवलं आणि वर म्हणालो, "टिकली लाव एकावर." काय सुचलं मला कोण जाणे. मला वाटलं असेल की थट्टेत निभावेल.

"नको हो," ती म्हणाली. "माझ्या टिकलीचा गुण बघितलाय आपण."

आणि हसली. मुलगीही हसली, कारण गोष्ट तिला पाठ होती. मी कार्ड घेऊन उगाच बाल्कनीत गेलो, उजेडात बघायला म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला असताना दोघींनी कामाला हात घातला. दारं उतरवून बाल्कनीत वर्तमानपत्रांवर मांडली. कोणतं दार कुठलं ते कळावं म्हणून मुलीने प्रत्येकाच्या मागे चिकटपट्टी लावून नावं लिहिली: डाळी, मसाले, चहा, आणि एकावर "फालतू सामान". मागची भिंतही घासायची म्हणून त्यांनी फ्रिज ओढला.

मी मेट्रोतून उतरून घरी आलो तर ओट्यावर तो तुकडा होता. धुऊन, पुसून ठेवलेला. मधोमध एक गोल डाग. आरशावरून टिकली काढली की मागे गोंदाचा ठसा राहतो आणि त्यावर धूळ धरते, तसा. साबणाने तो गेला नव्हता. मुलगी आंघोळीला गेली होती. बायकोच्या केसांवर, भुवयांवर घासकामाची पांढरी पूड होती.

"हा फ्रिजच्या पायाखाली होता," ती म्हणाली.

मी म्हणालो, "हं."

"मला इतकी वर्षं वाटायचं की मी हा निवडला होता. मग वाटायचं, भास असेल." तिने तुकडा उचलला आणि त्या गोल डागावरून अंगठा फिरवला. आवाजात राग नव्हता. चौकशीही नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि मला बोलायला भरपूर वेळ देत होती.

मी म्हणालो, "रंग यासारखाच घेऊ या मग."

ती म्हणाली, "घेऊ या." मग शेड कार्ड मागून घेतलं, तुकडा एकेका चौकोनाजवळ धरत गेली आणि एकावर बोट ठेवलं. न विचारता. "हा. शेजारचा नको, त्यात निळं आहे." मला त्यात निळं दिसलं नाही. मुलीलाही नाही. दुकानात दोन्ही डबे शेजारी उघडून बघितले तर होतं.

पुढचे दिवस फार छान गेले. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून दारं घासत होतो, नाकाला रुमाल बांधून. मी रोलर जोरात दाबतो म्हणून मुलगी मला ओरडायची, बाबा, रंग लावायचाय, पोळी लाटायची नाही. रंगाच्या दोन हातांमध्ये वाळायला वेळ द्यायचा, तेव्हा आम्ही बाल्कनीत दारांच्या मधल्या जागेत उभे राहून चहा प्यायचो. "फालतू सामान"चं दार उलटं बसवलं ते मी, त्याचं हँडल अजून चुकीच्या बाजूला आहे. वरच्या एका दारावर माझ्या हातून रंगाचा ओघळ राहिलाय. बायको म्हणाली, राहू दे, तुमची सही.

पाडव्याच्या सकाळी सगळं लागलेलं होतं. गुढी बाल्कनीत उभी केली आणि आत आलो, तर स्वयंपाकघर ओळखू येईना. त्या बोळकांडीतून येणारा एवढासा उजेड, पण कपाटांनी तो धरून आत पसरवला होता. बायको ओट्याशी उभी राहून ताटात तांदूळ निवडत होती. तिथेच, आत. दिवा बंद होता.

दुपारी आंटी श्रीखंड न्यायला आल्या. किचन बघून त्यांनी विचारलं की ये रंग किसने चुना. बायको म्हणाली, "मैंने." मग माझ्याकडे बघून मराठीत, अगदी सहज, "दोन्ही वेळेला." आंटींना ते कळलं नाही. त्यांनी पुढच्या आठवड्यात दुपट्टा घेऊन यायचं कबूल करून घेतलं. हॉलचे पडदेही आता ती बदलणार आहे. माझं मत कुणी विचारलेलं नाही. साडीच्या दुकानात परवा मी बाहेर बाकावर बसून होतो आणि मला झोप लागली.

तिला कळलंय, असं मला वाटतं. पण तिला कळलंय म्हणून मी बोलायची गरज नाही, असं मी मनात म्हणायला लागलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतोय. दोष तिच्या बाजूला ठेवला होता, आता समजून घेणंही तिच्याच बाजूला ठेवतोय. हे लिहिलेलं ती वाचेल. तेवढ्याने भागत नाही. तो तुकडा तिने फेकलेला नाही. तो ओट्यावर, चहाच्या डब्याला टेकवून ठेवलाय, डाग पुढे करून. मी रोज सकाळी चहा करताना तो बाजूला करतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो.

टिकली मी हलवली, तू चुकली नव्हतीस, हे मला तिच्या समोर उभं राहून, तोंडाने सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.